टोकन नंबर त्रेसष्ट

जळगाव, सोमवार, १८ ऑक्टोबर २०२१

भाऊ,

शनिवारी धुळ्यात तुझ्या छातीचा नवा स्कॅन झाला आणि एप्रिलच्या मानाने फुप्फुसं खूपच बिघडली आहेत, असं तिथल्या डॉक्टरांचं मत पडलं. हे मला आज सकाळी हितेंद्रने फोन करून सांगितलं. हितेंद्र त्या सेंटरवर टेक्निशियन आहे. आम्ही दोघं नाशिकला एकाच वर्गात हे काम शिकलो. तुला मशीनवर त्यानेच झोपवलं. आडनाव आपलं आणि गाव यावल तालुक्यातलं, म्हणून त्याने मला विचारलं, "हाऊ तुना भाऊ शे का रे?" मी हो म्हणालो. मग त्याने एप्रिलचा जुना स्कॅन मागितला. डॉक्टरांना दोन्ही शेजारी लावून बघायचे आहेत.

पाच महिने तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज केला तर एकच टिक येते. म्हणून कागदावर लिहितोय. भूषण लॅबची गाडी चालवतो. रोज सकाळी रक्ताचे नमुने घेऊन धुळ्याहून इथे येतो आणि दुपारी परत जातो. तो हे पाकीट तुझ्या लेकीच्या, मयुरीच्या, फ्लॅटवर आणून देईल.

मुद्द्याचं आधी लिहितो. पुढच्या मंगळवारी, २६ तारखेला, नाशिकला तुझ्या फुप्फुसाचा तुकडा काढायचं ठरलंय. डॉक्टरांचं म्हणणं असं की, एप्रिलमध्ये तुझा स्कोर पंचवीसपैकी सातच होता, म्हणजे कोरोनाचा न्यूमोनिया किरकोळ होता. आज मात्र निम्म्या फुप्फुसात जाळी दिसते. किरकोळ न्यूमोनियाने एवढं होत नाही, तेव्हा आत दुसराच आजार वाढतोय, आणि तो कुठला हे तुकडा तपासल्याशिवाय कळणार नाही. समोर जे कागद आहेत त्यावरून कोणताही डॉक्टर हेच म्हणेल.

पण तू अजून ऑक्सिजनवर आहेस. पूर्ण भूल द्यावी लागेल. नंतर व्हेंटिलेटर निघेलच याची हमी नाही, असं संमतीच्या कागदावर लिहून त्यांनी मयुरीची सही घेतली आहे. हितेंद्रने तो कागद पाहिला.

माझं मागणं एकच. तारीख पुढे ढकल. एप्रिलच्या रिपोर्टवर विसंबून काही ठरवू नका, असं डॉक्टरांना सांग. त्या दिवसांत आमच्याकडे रोज नव्वद-नव्वद स्कॅन व्हायचे आणि रिपोर्टमध्ये चुका राहून जायच्या. याहून जास्त आज लिहीत नाही.

माय बरी आहे. शेतावरच्या मगनने वरच्या मळ्यातली केळीच्या कांदेबागाची लागवड उरकत आणली. रविवारी मी घरी गेलो की माय ओट्यावरूनच तुझं विचारते, "पेमाचा फोन आल्ता का तुले?" मी हो म्हणतो.

योगराज


जळगाव, बुधवार, २० ऑक्टोबर

भाऊ,

काल भूषणने तुझा निरोप आणला. माझ्याच रिकाम्या पाकिटावर तू लिहिलंस: "डॉक्टरला सांगायचं ते डॉक्टरला सांग. मला पत्रं नको." अक्षर थरथरतंय, पण तुझंच आहे. पाकीट रिकामं आलं, म्हणजे आतलं पत्र वाचलंस, एवढं मी धरून चाललोय.

तू म्हणतोस तसं केलं. खरं तर डॉक्टरला सांगितलं नाही, नुसतं पाठवलं. एप्रिलच्या तुझ्या स्कॅनच्या चार फिल्म माझ्या घरी कपाटावर होत्या. त्या काल हितेंद्रकडे रवाना केल्या. डॉक्टरांनी त्या उजेडावर धरल्या की त्यांना दिसेलच, रिपोर्टबद्दल कोणी काही बोलायला नको, असा माझा हिशेब आहे. हिशेब भित्र्याचा आहे, हे मला कळतं.

त्या फिल्म माझ्या घरी का, असं तू विचारशील. त्यासाठी मला १९ एप्रिलला परत जावं लागेल.

त्या दिवशी तू गाडीत मागच्या सीटवर बसून आलास. वहिनी शेजारी, मी पुढे. त्या आठवड्यात गावातली दोन माणसं गेली होती, एक सोळा स्कोरवाले चुडामण अण्णा आणि एक एकोणीसवाला, नाव मी लिहीत नाही. तेव्हा माणसं एकमेकांना बरं आहे का असं विचारतच नव्हती, स्कोर किती असं विचारायची. भादलीच्या पुढे तू खोकल्यातून सावरून म्हणालास, "सोळाच्या वर गेल्याले परत येतानी पाह्यलं नाही मी." तू आकड्यांचा माणूस आहेस. केळीचा घड हातात धरून वजन सांगणारा. एकदा आकडा कानावर पडला की तू मनाशी ठरवून टाकतोस.

सेंटरच्या दारात सत्तर-ऐंशी माणसं होती. नावं टाईप करायला वेळ नव्हता, म्हणून आम्ही मशीनमध्ये फक्त टोकनचा आकडा टाकायचो आणि नाव नंतर रजिस्टरमध्ये लिहायचो. तुझं टोकन त्रेसष्ट. मी काचेच्या आत बसलो आणि तू बाहेर त्या चाकाच्या पोटात गेलास. मशीन सांगतं, श्वास घ्या, रोखून धरा. सहा सेकंद धरायचा असतो. तुला तीनही धरता आले नाहीत. मी दुसऱ्यांदा केलं. काचेतून तुझे फक्त तळवे दिसत होते, आणि मी एवढ्या वेळा बटण दाबूनही त्या दिवशी बोट कुठे ठेवायचं ते विसरलो.

निरोगी फुप्फुस पडद्यावर काळं दिसतं, कारण त्यात हवा असते. न्यूमोनियाने भरलेली जागा दुधी काचेसारखी राखाडी होते. त्याहून बिघडली की पांढरी. फुप्फुसाचे पाच भाग, उजवीकडे तीन, डावीकडे दोन. प्रत्येकाला पाचपैकी गुण, जितका बिघाड जास्त तितके गुण जास्त. तुझा उजवा खालचा भाग सगळा पांढरा होता. रिपोर्ट वाचणं माझं काम नाही, ते आमच्या मॅडम त्यांच्या घरून करतात आणि सही असलेली फाईल पाठवतात. पण बेरीज मी आधीच केली होती. तासाभराने मॅडमची फाईल आली, तीत तोच आकडा होता. सतरा.

मी त्या फाईलमधला एक आकडा बदलला. सतराचे सात केले, छापलं आणि तुझ्या हातात दिलं. दवाखान्यात खरी प्रत दिली, म्हणून औषधं सतराचीच झाली. तू फिल्म कोणाला दाखवू नयेस म्हणून त्या मी घरी नेल्या. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या मनाने केलं.

आता कोणी म्हणेल, मग दवाखान्यातली खरी प्रत काढा. तो दवाखाना कॉलेजच्या होस्टेलमध्ये उभा केलेला होता, जुलैत बंद झाला. फाईली कुठे गेल्या ते कोणाला माहीत नाही. आमच्या मशीनचा संगणक भरला म्हणून एप्रिलचे सगळे स्कॅन आम्ही जूनमध्ये पुसले. तुझ्या डिस्चार्ज कार्डावर स्कोर लिहू नका, अशी विनंती मीच तिथल्या डॉक्टरांना केली होती. सगळ्या वाटा मी स्वतः बुजवल्या आणि त्या बुजवताना मला फार हुशारी वाटत होती.

तू तो कागद शर्टाच्या खिशात ठेवायचास. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्यांना दाखवायचास. एकदा मास्क काढून बाथरूमला गेलास. नर्स ओरडली तर म्हणालास, सातवाल्याले काय होतं. तिथेच कोसळलास. ऑक्सिजन एकाहत्तरवर आला होता. मला त्या दिवशी फोन आला, तरी खरा आकडा मी सांगितला नाही.

२८ एप्रिलला आबा गेले. तुला बारा दिवस सांगितलं नाही. १० मेला एकवीस दिवसांनी तू घरी आलास, ओट्यावर बसलास आणि सगळ्यांसमोर मला म्हणालास, "सात स्कोरच्या माणसाले एकवीस दिवस कोंडून ठेवलं, आन आबाले अग्नी तू दिला. मान पाह्यजे होता तं मागून घेतला असता, म्या दिला असता."

मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल, उत्तर नव्हतं म्हणून. उत्तर होतं. ते दिलं असतं तर सात खोटं ठरलं असतं. त्यानंतर काही दिवसांत तू मयुरीकडे धुळ्याला राहायला गेलास.

बाकी ठीक. मायने तुझ्यासाठी उडदाचे पापड लाटून ठेवलेत. तू खोकतोस म्हणून अजून पाठवले नाहीत.

योगराज


जळगाव, शुक्रवार, २२ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र भाऊचं नाही, तुमचं आहे.

बुधवारचं पत्र तुम्ही भाऊला वाचून दाखवलंत, पण अर्धंच, हे मला काल मयुरीने सांगितलं. चार ओळी वाचल्या की त्याला धाप लागते, म्हणून आता सगळं तुम्हीच वाचून दाखवता, हे मला माहीत नव्हतं. मयुरी म्हणाली, "काका, पाच पानं होती आणि आईने दोन मिनिटांत संपवली. आजीचं आणि पापडांचं. पप्पा म्हणाले, एवढं सांगायले पाच पानं लागता का याले? वकिलाकडे कामाले लागला का हा?" तिला त्याचं हसू आलं होतं.

म्हणजे भाऊला अजून सातच माहीत आहे.

दुसरी गोष्ट. फिल्मचा उपयोग झाला नाही. हितेंद्रने काल कळवलं. डॉक्टरांनी चारही फिल्म नीट पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या. म्हणाले, यांच्यावर पेशंटचं नाव नाही, नुसता त्रेसष्ट आकडा आहे. रिपोर्टवर नाव आहे आणि सही आहे. एप्रिलमध्ये माणसांच्या फिल्म इकडच्या तिकडे झालेल्या त्यांनी कितीतरी पाहिल्या होत्या. या दुसऱ्या कोणाच्या आल्या असणार, म्हणाले. हितेंद्र बिचारा म्हणाला, साहेब, टेक्निशियन त्यांचा सख्खा भाऊ आहे. त्यावर डॉक्टर म्हणाले, मग त्याने सांगावं ना तसं, लिहून, नाव घालून.

बरोबर बोलले. मी फिल्म पाठवली, कारण फिल्म बोलत नाही.

काल तुम्ही फोनवर जे म्हणालात त्याचं उत्तर आज देतो. तुम्ही म्हणालात, "तुम्ही जळगावात आहात भाऊजी. मी इथे या ऑक्सिजनच्या नळीच्या टोकाला आहे. पंचवीस फूट नळी, दोन खोल्या, आणि लाईट गेली की माझा जीव त्या इन्व्हर्टरच्या लाल दिव्यात. मामंजी गेल्याचं मी लपवलं म्हणून महिनाभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही त्यांनी. आता कुठे नावाने हाक मारतात. हे पण माझ्याच तोंडून वाचून दाखवू?"

तुमचं म्हणणं चूक नाही. मी बुधवारी लिहिलं की मला कोणी सांगितलं नव्हतं. ते तुम्हाला बाहेर ठेवण्यासाठी लिहिलं होतं. पण ते वाचायला तुम्हीच होतात, त्यामुळे त्या वाक्याने तुम्ही सुटला नाहीत, उलट आणखी एका खोट्याला तुम्हाला आवाज द्यावा लागला असता.

सेंटरच्या गेटबाहेर, त्या निंबाखाली, तोंडाला पदर आणि पदरावर मास्क लावून तुम्ही मला एवढंच म्हणालात, "मोठा आकडा असला तर त्यांना सांगू नका. ते तिथेच हाय खातील." यात कागद बदला असं काही नव्हतं. तुम्ही म्हणालात सांगू नका. कागद बदलायची अक्कल माझी. आपल्याकडे आजाऱ्याला खरं सांगत नाहीत, ही जुनी रीत झाली. पण रीत तोंडी असते. तोंडी खोटं आजारासोबत संपतं. मी ते छापलं आणि खाली दुसऱ्याची सही राहू दिली.

म्हणून आता असं करतो. उद्या शनिवारी मी आमच्या मॅडमना सांगणार आहे. तो कागद त्यांच्या सहीचा आहे. माझं काय व्हायचं ते होईल. त्यानंतर मी भाऊला एक पत्र लिहीन. त्यात तुमचं नाव घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा आणि मयुरीकडून कळवा. नको म्हणालात तर घालणार नाही. पण नाव असो वा नसो, ते पत्र तुम्ही एक ओळ न सोडता वाचा. ते जमणार नसेल तर मयुरीच्या हातात द्या.

मंगळवारी त्याला भूल देतील, वहिनी. खोट्या आकड्यावर.

योगराज


जळगाव, रविवार, २४ ऑक्टोबर

भाऊ,

उद्या सोमवारी सकाळी अकरा वाजता डॉक्टर तुझे जुने आणि नवे दोन्ही स्कॅन पुन्हा बघणार आहेत. आमच्या मॅडमनी काल संध्याकाळी स्वतः त्यांच्याशी बोलून हे नक्की केलं. नाशिकची तारीख त्यांनी अजून रद्द केलेली नाही. ज्या सेंटरमधून एकदा खोटा रिपोर्ट आला, त्याच सेंटरमधून आता दुसरा येतोय, तेव्हा मी सगळं समोर बघून ठरवीन, असं ते म्हणाले.

आज भूषणची गाडी नाही. हे पत्र स्टँडवर धुळे गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. मयुरी तिथे उतरवून घेईल. वहिनी वाचतील. हे पूर्ण वाचीन असं त्यांनी कळवलंय, म्हणून आता सगळं लिहितो.

एप्रिलचा तुझा स्कोर सात नव्हता, सतरा होता. मी तुला दिलेला कागद खोटा होता. बुधवारच्या पत्रात हे लिहिलं होतं, पण ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही, आणि त्यातही मी एकच आकडा बदलल्याचं लिहिलं होतं. ते खरं नाही. एक आकडा बदलून भागत नाही. पाच भागांचे पाच गुण वेगळे लिहिलेले असतात, त्यांची बेरीज जुळावी लागते. खरे होते तीन, दोन, पाच, तीन, चार. मी केले एक, एक, दोन, एक, दोन. शिवाय खाली बिघाड 'तीव्र' असं लिहिलं होतं, तिथे 'सौम्य' केलं. बाहेर लोक दरवाजा ठोठावत होते. मी निवांतपणे बेरीज दोनदा करून पाहिली.

वहिनींनी कळवलंय, माझं नाव लिहा. लिहितो. मोठा आकडा असला तर त्यांना सांगू नका, असं त्या मला म्हणाल्या होत्या. कागदाचं त्यांना माहीत नव्हतं. तू वॉर्डातून फोनवर त्यांना "सातच निघाले" असं सांगितलंस, तेव्हा त्यांना कळलं, आणि मग त्या गप्प बसल्या. त्या का गप्प बसल्या हे तू त्यांना विचारू नकोस. तू गाडीत जे बोललास, ते त्यांच्या शेजारीच बसून बोलला होतास.

मॅडमचं सांगतो. काल दुपारी शेवटचा स्कॅन झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग लॅपटॉप उघडून एप्रिलची मेल शोधली, फाईल उघडली आणि तुझा छापील कागद शेजारी ठेवला. त्या कागदाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता, त्याची प्रिंट मी नेली होती. दोन्ही वाचून झाल्यावर म्हणाल्या, "योगराज, तुम्ही माझ्याकडे अकरा वर्षं आहात. असे आणखी किती आहेत?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी म्हणालो, एकच. त्या म्हणाल्या, "ते मला आता कसं कळणार? एप्रिलमध्ये माझ्या सहीने दोन हजार कागद गेले."

त्यांनी किल्ली मागितली. उद्यापासून येऊ नका म्हणाल्या. पोलिसात द्यायचं की नाही ते वकिलाला विचारून ठरवणार आहेत. मग तुझा खरा रिपोर्ट पुन्हा छापला, कालची तारीख घालून सही केली आणि खाली दोन ओळी हाताने लिहिल्या: आधीचा कागद या सेंटरमध्ये बदलण्यात आला होता, तो ग्राह्य धरू नये. रजिस्टरमधल्या १९ एप्रिलच्या पानाची प्रतही दिली. त्रेसष्टसमोर तुझं नाव आहे, माझ्या अक्षरात. निघताना त्या म्हणाल्या, "तुमचे भाऊ कसे आहेत?" म्हणून राग नव्हता असं नाही.

आता तुझ्या मनात जे येईल त्याबद्दल. सतरा होते म्हणजे एकवीस दिवस ठेवणं बरोबर होतं, आबांच्या वेळी तुला आणलं असतं तर तू वाटेतच गेला असतास, म्हणजे योगराजचं काही चुकलं नाही, असा अर्थ काढू नकोस. मी स्वतः तसा काढून पाहिला. निघत नाही. तू ओट्यावर जे बोललास ते त्या कागदावर विसंबून बोललास. मी दिलेल्या आकड्याने तू मला दोषी ठरवलंस, आणि तो आकडा टिकवण्यासाठी मी दोषी राहिलो. पाच महिने तू त्या दोन खोल्यांत आणि मी या एका आकड्यात. माय गावात एकटी दोघांची वाट बघते. तिला मी अजून खोटंच सांगतो. ते उद्यानंतर बंद करीन.

अग्नीबद्दल एकदाच लिहितो. मला मान नको होता. स्मशानात प्लास्टिकमधल्या आबांपाशी मला एकट्यालाच जाऊ दिलं. कामगाराने हातात पेटती काडी दिली आणि लवकर करा म्हणाला. मी तुझं नाव घेऊन अग्नी लावला. ते तिथे कोणी ऐकलं नाही.

नव्या स्कॅनचं. हितेंद्रने मला त्याच्या प्रतिमा पाठवल्या. माझं मत देणं माझ्या कामात बसत नाही, आणि माझ्या तोंडून आशा घ्यावी असं मी तुझ्यासाठी काही केलेलं नाही. जे दिसतं तेवढंच लिहितो. एप्रिलमध्ये उजवा खालचा भाग सगळा पांढरा होता. तिथे आता पांढरेपणा नाही, जाळीसारख्या रेघा आहेत आणि रेघांच्या मध्ये काळं दिसतं. काळं म्हणजे हवा. सातशी तुलना केली तर हे वाढलेलं आहे. सतराशी केली तर कमी झालेलं आहे. कमी झालेलं असेल तर तुकडा काढायची गरज राहणार नाही, असं हितेंद्रला वाटतं, मॅडमनाही वाटतं. रेघा पूर्ण जातील असं कोणीच म्हणत नाही. नळी किती महिने राहील तेही कोणी सांगत नाही. ठरवणार डॉक्टर.

मी उद्या सकाळी साडेसहाच्या गाडीने निघतोय. नऊच्या सुमारास देवपूरला मयुरीच्या फ्लॅटपाशी पोचेन. वर येणार नाही, जिन्याखाली थांबेन. तुला खुर्चीवर बसवून खाली आणायला दोन माणसं लागतात असं मयुरी म्हणाली, एक तिचा शेजारी आहे. दुसरा कोण ते तू सांगशील. मी चालणार नसेन तर त्यांना आत्ताच कोणीतरी बघायला सांग, उद्या ऐनवेळी धावपळ नको. छोटा सिलिंडर भरलाय का तेवढं वहिनींनी पुन्हा बघावं.

अकराला डॉक्टर विचारतील की टोकन त्रेसष्ट हे याच माणसाचं कशावरून. तेव्हा मला तुझ्यासमोर सांगावं लागेल. मी सांगेन. माझ्या सहीचं लिहून दिलेलं निवेदनही खिशात आहे. नाशिकची गाडी दुपारी एकला ठरलेली आहे. डॉक्टर बोलेपर्यंत ती रद्द करू नकोस, असं मी मयुरीला सांगितलंय.

योगराज